सॅट, जीआरई, आयईएलटीएस: निबंधाच्या गुणांना किती भाव द्यायचा?

भाचीने जीआरई दिली त्या दुपारी केंद्राच्या बाहेरूनच फोन केला. "मामा, ३२४! क्वांट १६८, व्हर्बल १५६." सांगलीला ताईने पेढे वाटले. नऊ दिवसांनी परत फोन आला, आवाज पडलेला. "मामा, एडब्ल्यूए ३ आलाय रे. परत द्यावी लागणार का?"

जीआरई म्हणजे अमेरिकेत एमएस-पीएचडीसारख्या पदव्युत्तर शिक्षणाला जाण्याची प्रवेश परीक्षा. क्वांट हा तिच्यातला गणिताचा भाग, व्हर्बल इंग्रजीचा, आणि एडब्ल्यूए म्हणजे निबंध. क्वांट आणि व्हर्बलचे गुण परीक्षा संपताच पडद्यावर दिसतात. निबंध माणसाने तपासायचा असतो, त्यामुळे त्याचे गुण आठ-दहा दिवसांनी अधिकृत निकालाबरोबर येतात. तोवर पेढे खाऊन झालेले असतात आणि उशिरा आलेल्या आकड्याची धास्ती जरा जास्तच बसते.

तिला मी "नाही, परत देऊ नकोस" एवढंच सांगून मोकळा झालो असतो. पण त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या एका मुलाचं आयर्लंडचं काम अडलं होतं, तेही लेखनाच्याच गुणांवरून. त्याला आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत लेखनाला साडेपाच मिळाले होते. ताई म्हणाली, "अरे, हिला तीन मिळाले तर तू म्हणतोस चालेल, आणि त्याला साडेपाच मिळून त्याचं अडतं? हा कुठला न्याय?" तिचा गोंधळ रास्त होता. दोन्हीकडे लेखनाचेच गुण, पण एक आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा, येता-जाता बघायचा. दुसरा दाराच्या कडीसारखा.

निबंधाच्या गुणांवर प्रवेश मिळाला असं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्यामुळे दार बंद झालेलं मात्र पाहिलंय. म्हणून तयारीला लागण्याआधी आपल्या परीक्षेतला निबंध कॅलेंडर आहे की कडी, हे ओळखायचं. ते कसं, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: आपण कुठल्या निबंधाबद्दल बोलतोय?

घरात "एसे" हा शब्द निघाला की तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिला, प्रवेश परीक्षेच्या आत घड्याळ लावून लिहायचा निबंध. याला गुण असतात. दुसरा, भाषेच्या परीक्षेतलं लेखन, म्हणजे आयईएलटीएस किंवा टोफलमधलं. यालाही गुण असतात, पण त्याचं काम वेगळं. तिसरा, अर्जासोबत घरी बसून लिहायचा. अमेरिकेत पदवीला जायचं तर कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाचा, मुख्य निबंध, २५० ते ६५० शब्दांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाला जायचं तर आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत. एमएसला जायचं तर एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय ते सांगणारं निवेदन.

या तिसऱ्याला गुणपत्रिका नसते, आणि खरं वजन त्यालाच असतं. आपल्याला दहावीपासून निबंध म्हटलं की "किती मार्कांचा?" विचारायची सवय. ज्याला मार्क नाहीत तो बिनमहत्त्वाचा, असं नकळत डोक्यात बसतं. मग पोरं एडब्ल्यूएच्या अर्ध्या गुणासाठी महिनाभर झुरतात आणि एसओपी शेवटच्या रात्री सिनियरच्या एसओपीवरून उतरवतात. हे उलटं करा, एवढं केलंत तरी या लेखाचं अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: सॅटवाले असाल तर सुटलात

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचं असेल तर सॅट किंवा एसीटी. सॅटचा निबंध आता जवळजवळ इतिहासजमा आहे, तरी पालक अजून विचारतात, कारण अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि त्यांत तो छापलेला असतो.

त्याची कुंडली अशी. २००५ च्या मार्चमध्ये सॅट १६०० वरून २४०० गुणांची झाली आणि तिच्यात २५ मिनिटांचा सक्तीचा निबंध आला. दोन परीक्षक प्रत्येकी १ ते ६ देणार, बेरीज १२ पर्यंत. एमआयटीत लेखन शिकवणाऱ्या लेस पेरेलमन यांनी सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने प्रसिद्ध केलेले नमुने तपासले. निबंध जितका लांब तितके गुण जास्त, असा सरळ हिशोब त्यांना दिसला. तपशील चुकीचे असले तरी गुण कापले जात नव्हते. २०१६ मध्ये परीक्षा पुन्हा १६०० वर आली, निबंध ऐच्छिक झाला. आता ५० मिनिटं, एक उतारा वाचायचा आणि लेखकाने आपलं म्हणणं कसं पटवलं आहे ते उलगडायचं. गुण तीन निकषांवर वेगवेगळे, प्रत्येकी २ ते ८. हा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी बरा होता असं माझं मत आहे, पण तोवर विद्यापीठांचा रस उडाला होता. २०१८ मध्ये हार्वर्डने निबंधाची अट काढली, त्याच वर्षी प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, ब्राउनही मागे आले. जानेवारी २०२१ मध्ये कॉलेज बोर्डाने निबंध बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या जूननंतर अमेरिकेतली काही राज्यं शाळेच्या दिवशी जी सॅट घेतात तेवढ्यातच तो उरला. आपली मुलं भारतात जी सॅट देतात ती २०२३ पासून संगणकावर होते, सव्वादोन तासांना एक मिनिट कमी, आणि तिच्यात निबंध नाही.

एसीटीत ऐच्छिक लेखन अजून आहे. ४० मिनिटं, एक विषय, त्यावरचे तीन दृष्टिकोन दिलेले, आपण आपली भूमिका मांडून त्यांच्याशी तिचं नातं दाखवायचं. गुण २ ते १२. पण ३६ पैकी जो मुख्य स्कोअर सगळे सांगतात त्यात हे धरत नाहीत. तुमच्या यादीतलं एखादं कॉलेज किंवा शिष्यवृत्ती ते स्पष्ट मागत असेल तरच त्याची फी भरा.

इथे आणखी एक गल्लत होते. "अमेरिकेत आता परीक्षाच लागत नाही" असं कुणीतरी सांगतं, कुणीतरी "परत लागू झाली" म्हणतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिससह सगळ्या शाखा पदवी प्रवेशात सॅट-एसीटीचे गुण बघतच नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये गुण पुन्हा मागायचा निर्णय घेतला. परीक्षा परत आली, निबंध मात्र परत आला नाही. बारावीच्या मुलाने आपला वेळ कॉमन अ‍ॅपच्या ६५० शब्दांवर घालवावा.

जाता जाता, घडवलेलं लेखन नको तर वर्गातलं खरं लेखन दाखवा असं म्हणणारीही विद्यापीठं आहेत. प्रिन्स्टन शिक्षकांनी तपासून गुण दिलेला एक पेपर मागतं. आपल्याकडची मुलं इथे अडखळतात, कारण तपासलेली वही वर्ष संपलं की रद्दीत जाते. अकरावीपासून इंग्रजीचा किंवा इतिहासाचा एखादा बरा प्रकल्प, शिक्षकांच्या शेऱ्यासकट, स्कॅन करून ठेवा.

तिसरी पायरी: यादी करा, पण विभागाच्या पानावरून

एमएस-पीएचडीवाल्यांनो, ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सगळ्यात उपयोगाची. वहीत रकाने आखा: विद्यापीठ, विभाग, जीआरई हवी की नको, एडब्ल्यूएची किमान अट, टोफल-आयईएलटीएसची एकूण अट, लेखनाची वेगळी अट. शेवटच्या तारखेला आणखी एक रकाना.

माहिती विद्यापीठाच्या मुख्य पानावरून घेऊन थांबू नका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ग्रॅज्युएट स्कूल (सगळ्या विभागांचं पदव्युत्तर शिक्षण बघणारी शाखा) एक किमान अट ठेवतं आणि विभाग स्वतःची वेगळी, बहुधा जास्त कडक. दोन्ही पानं उघडा आणि कडक असेल ती धरा. एकाच विद्यापीठात संगणकशास्त्र विभाग जीआरई मागत नाही आणि शेजारच्या इमारतीतला विभाग मागतो, असंही असतं.

पानावरचे तीन शब्द नीट वाचायचे. "रिक्वायर्ड" म्हणजे लागणारच. "ऑप्शनल" म्हणजे चांगले असतील तर पाठवा, नसतील तर गप्प बसा. "नॉट कन्सिडर्ड" म्हणजे पाठवलेत तरी कुणी उघडणार नाही. आणि आकड्याच्या आधी "मिनिमम" लिहिलंय की "अ‍ॅव्हरेज" की "रेकमेंडेड" हेही बघा. किमान ३.५ आणि गेल्या वर्षीच्या मुलांची सरासरी ३.५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरासरी ३.५ असेल तर खाली-वर बरीच मुलं घेतलेली असणार.

भाचीच्या यादीत आठ नावं होती. रकाने भरल्यावर तीन विभाग जीआरई मागतच नव्हते, चारांनी एडब्ल्यूएबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता, आणि एकाने किमान ३.५ असं छापलं होतं. म्हणजे नऊ दिवसांनी आलेल्या त्या तीनाच्या आकड्याचा आठांतल्या एकाशीच संबंध. हे दोन तासांत कळलं. परत परीक्षा द्यायला किमान २१ दिवस थांबावं लागलं असतं.

चौथी पायरी: जीआरईचा निबंध कुणासाठी किती

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आटोपशीर झाली, एक तास ५८ मिनिटांची. आधी दोन निबंध होते, एक मत मांडायचा आणि एक दुसऱ्याच्या युक्तिवादातली भोकं दाखवायचा. दुसरा गेला. आता एकच, ३० मिनिटांचा, आणि तो परीक्षेच्या सुरुवातीलाच येतो. जुनं पुस्तक हाती आलं तर त्यातला "आर्ग्युमेंट"चा भाग सोडून द्या. (मला स्वतःला तोच जास्त आवडायचा. दुसऱ्याच्या चुका काढणं आपल्या रक्तात आहे.)

गुण ० ते ६, अर्ध्याअर्ध्या टप्प्याने. एक माणूस तपासतो, एक संगणक तपासतो. दोघांचं जवळपास जुळलं तर सरासरी, नाही जुळलं तर दुसरा माणूस बघतो आणि मग दोन माणसांची सरासरी. जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या मोजपट्टीत ४ म्हणजे पुरेसं आणि ३ म्हणजे मर्यादित. जगभरची सरासरी साडेतीनच्या आसपास असते, म्हणजे भाचीचा तीन सरासरीपेक्षा थोडा खाली, पण लाज वाटावी असा नाही. हा गुण क्वांट-व्हर्बलच्या ३४० मध्ये मिसळत नाही, वेगळा उभा राहतो.

माझा अंदाज, तोही वर्षानुवर्षं मुलांच्या याद्या बघून आलेला: इंजिनिअरिंग आणि संगणकाच्या एमएसला ३.५ असेल तर हा विषय बंद करा. ३ असेल तर किमान अट तेवढी तपासा आणि पुढे चला. २.५ किंवा खाली असेल तर विचार करा, कारण तिथे शंका येते की हे मूल थिसिस कसं लिहिणार. पब्लिक पॉलिसी, पत्रकारिता, इतिहास, शिक्षणशास्त्र अशा विषयांना, जीआरई मागत असतील तर, हिशोब वेगळा. तिथे मी ४.५ च्या खाली निर्धास्त राहणार नाही. पण त्या विभागांनाही जास्त रस असतो तो तुम्ही सोबत जोडलेल्या लेखनाच्या नमुन्यात.

एक गोष्ट क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. तुम्ही ज्यांना स्कोअर पाठवता त्या विद्यापीठांना नुसता आकडा मिळत नाही, तुम्ही लिहिलेला निबंधही बघता येतो. सगळे उघडून वाचतात असं नाही, पण वाचू शकतात. एसओपी झुळझुळीत इंग्रजीत आणि परीक्षेतला निबंध अडखळत, असं असेल तर वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकणारच. एआयकडून एसओपी लिहून घ्यायच्या काळात, पहाऱ्याखाली लिहिलेल्या अर्ध्या तासाच्या मजकुराला किंमत वाढेल असं मला वाटतं. म्हणून एसओपी आपल्याच आवाजात असू द्या, थोडी खडबडीत असली तरी चालेल.

एमबीएवाल्यांना एका ओळीत: नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमधून निबंध काढून टाकलाय.

पाचवी पायरी: भाषेच्या परीक्षेतलं लेखन म्हणजे कडी

आता तो आयर्लंडवाला मुलगा. त्याचे आयईएलटीएसचे बँड, म्हणजे विभागवार गुण, असे: श्रवण ८, वाचन ८, संभाषण ७, लेखन ५.५. बेरीज २८.५, भागिले चार, ७.१२५, म्हणजे एकूण ७. अट होती एकूण ६.५. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण अटीचं वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढे लिहिलं होतं, कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको. आठाच्या दोन बँडांनी साडेपाचाला उचलून धरलं नाही.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे जाणाऱ्यांनी अटीतलं हे शेपूट सगळ्यात आधी वाचावं. आपल्या मुलांचा सगळ्यात खाली राहणारा बँड मी पाहिलाय तो बहुतेक वेळा लेखनाचाच. इथे "बाकी प्रोफाइल भक्कम आहे" हे चालत नाही. अट पूर्ण नसेल तर सशर्त प्रवेश तसाच लटकत राहतो.

आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकच्या लेखनात दोन भाग, मिळून एक तास. पहिल्यात आलेख किंवा तक्ता बघून किमान १५० शब्द, दुसऱ्यात निबंध, किमान २५० शब्द. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तरी मुलं पहिल्यातल्या टक्केवारीशी खेळत अर्धा तास घालवतात. २० मिनिटं झाली की हात उचला, वाक्य अर्धं असलं तरी. हवं तर दुसरा भागच आधी लिहा, कुणी अडवत नाही. संगणकावर दिलीत तर शब्दसंख्या खाली दिसत राहते, तेवढी मोजदाद वाचते.

टोफलवाल्यांनी जुन्या नोट्सपासून सावध. जुलै २०२३ मध्ये तिथला ३० मिनिटांचा स्वतंत्र निबंध जाऊन १० मिनिटांची वर्गचर्चा आली. जानेवारी २०२६ मध्ये परीक्षा आणखी बदलली: गुणांची मोजपट्टी १ ते ६ झाली, आणि लेखनात शब्द जुळवून वाक्य करणं, ईमेल लिहिणं आणि वर्गचर्चेत मत मांडणं असे प्रकार आले. काकाच्या मुलाने जुन्या मोजपट्टीवर ११० मिळवले होते त्या वर्षीचा अनुभव आता कामाचा नाही.

आयईएलटीएसमध्ये गुण कमी आले तर दोन वाटा. एक, फेरतपासणी, परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत मागायची. बँड वाढला तर फी परत मिळते. दोन, संगणकावर आयईएलटीएस दिली असेल तर ६० दिवसांच्या आत फक्त एक विभाग पुन्हा देता येतो. मात्र तो गुण आपलं विद्यापीठ स्वीकारतं का हे आधी मेलवर लेखी विचारून घ्या. त्या मुलाने हे विचारलं नव्हतं. फी भरून झाल्यावर विचारलं आणि उत्तर येईपर्यंतचे चार दिवस त्याच्या आईने देव पाण्यात ठेवले. उत्तर होकारार्थी आलं. लेखनात ६.५.

सहावी पायरी: ज्याला गुणच नाहीत असा परीक्षेतला निबंध

कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी हा थोडा चमत्कारिक प्रकार आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांत कायद्याच्या पदवीला एलनॅट ही प्रवेश परीक्षा लागते. पहिल्या भागात ४२ बहुपर्यायी प्रश्न, त्यांचे गुण. दुसऱ्या भागात ४० मिनिटांचा निबंध, त्याला एकही गुण नाही, तो तसाच विद्यापीठाकडे जातो. अमेरिकेतल्या एलसॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं लेखनही असंच: गुण नाहीत, लॉ स्कूलला मजकूर मिळतो.

"गुण नाहीत ना, मग काहीतरी खरडून येऊ" असा विचार मनात आला तर झटकून टाका. गुण असते तर वाचणाऱ्याने आकडा बघून पान उलटलं असतं. आकडा नाही म्हणून तो मजकूर वाचतो.

सातवी पायरी: दहा तासांची तयारी

जीआरईच्या निबंधाला मी एकूण दहा तास देतो, जास्त नाही. ईटीएसने सगळे विषय आपल्या संकेतस्थळावर उघड ठेवलेत. यादी लांब आहे, पण विषय फिरून फिरून तेच: शिक्षण, सरकार, तंत्रज्ञान, कला, नेतृत्व. पहिले दोन तास नुसते विषय वाचा आणि प्रत्येकाला मनात एक उदाहरण लावा. नंतर दिवसाआड एक, असे सहा-सात निबंध घड्याळ लावून लिहा. लिहायला साधं नोटपॅड घ्या, कारण परीक्षेत लाल रेघ मारून स्पेलिंग दाखवणारा कुणी नसतो.

भाचीबरोबर आधी हे करायला हवं होतं, ते नंतर केलं, तिच्या धाकट्या भावासाठी. त्याला मी एक विधान दिलं: शहराच्या मध्यभागी खाजगी वाहनांना बंदी घातली की शहराचं भलंच होतं. खाली सूचना: हे विधान कुठल्या परिस्थितीत लागू पडणार नाही, त्याचाही विचार करा. त्याने इंग्रजीत लिहिलेली सुरुवात मराठीत अशी होती:

"अनादी काळापासून मानवाला प्रवासाची ओढ आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात वाहतूक ही काळाची गरज बनली आहे. परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात."

तीन वाक्यं झाली आणि पोराचं म्हणणं काय ते कळलं नाही. दोष त्याचा नाही. शाळेत आपण निबंधाची सुरुवात सुविचाराने करायला शिकवतो आणि शेवटी कवितेच्या दोन ओळी चिकटवायला. फळ्याचं मनोगत लिहून दहा वर्षं काढलेल्या मुलाला "तुझं मत काय?" विचारलं की तो आधी मानवजातीकडे बघतो.

मी म्हटलं, "मानव सोड. लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनाला गाड्या बंद असतात, तेव्हा तू गेला होतास ना? काय दिसलं?" मग त्याने लिहिलं:

"लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस गाड्या बंद झाल्या तेव्हा माझी आजी पहिल्यांदा रस्त्याच्या मधून, कुणाचा हात न धरता चालली. दुकानं रिकामी पडली नाहीत. म्हणून बाजाराच्या रस्त्यांवर ही बंदी मला योग्य वाटते. पण हाच नियम ससूनसमोरच्या रस्त्याला लावला, तर रिक्षातून रुग्ण आणणाऱ्याला शेवटचा अर्धा किलोमीटर त्याला उचलून न्यावं लागेल. तिथे बंदी चुकीची ठरेल."

भूमिका आली, डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण आलं, आणि खालच्या सूचनेला उत्तरही मिळालं. त्या सूचनेकडे मुलं दुर्लक्ष करतात. विधानाखालची ओळ दर वेळी वेगळी असते आणि तिला उत्तर दिलं नाही तर सुंदर इंग्रजीही तीन-साडेतीनवर अडकतं. परीक्षकाला लक्ष्मी रस्ता माहीत नसेल तर एका वाक्यात सांगा की हा पुण्यातला गजबजलेला बाजाररस्ता. गांधीजी आणि स्टीव्ह जॉब्ज यांना जरा विश्रांती द्या, ते प्रत्येक निबंधात राबून थकलेत.

अर्ध्या तासाची वाटणी: चार मिनिटं कागदावर मुद्दे, बावीस मिनिटं लिहिणं, चार मिनिटं पुन्हा वाचणं. चारशे-साडेचारशे शब्द झाले तर पुष्कळ. पाठ केलेले परिच्छेद टाकू नका. ईटीएस मजकूर इतरांच्या मजकुराशी ताडून बघतं आणि फार जुळलं तर स्कोअर रद्द होऊ शकतो.

आठवी पायरी: परत द्यायची की नाही

जीआरईत फक्त निबंध पुन्हा देता येत नाही, अख्खी परीक्षा द्यावी लागते. आणि स्कोअर पाठवताना एका तारखेचा क्वांट आणि दुसऱ्या तारखेचा निबंध अशी जोडी लावता येत नाही. भाचीने परत दिली असती आणि एडब्ल्यूए ४ पण क्वांट १६३ आला असता, तर तिने काय पाठवलं असतं? दोन परीक्षांत किमान २१ दिवसांचं अंतर लागतं, बारा महिन्यांत पाच वेळा देता येते. स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणून घाई नसेल आणि क्वांटही वाढवायचा असेल तरच परत द्या. नुसत्या निबंधासाठी, यादीतल्या बहुतेक विभागांची अट अडत नसताना, देऊ नका. आयईएलटीएसचं उलट: लेखनाचा बँड अटीखाली असेल तर परत द्यायची की नाही हा प्रश्नच नाही, तारीख कुठली एवढाच प्रश्न. तो स्कोअर साधारण दोनच वर्षं धरतात, त्यामुळे फार आधीही देऊन ठेवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. जीआरईच्या दिवशी केंद्रातच चार विद्यापीठांना फुकट स्कोअर पाठवता येतो. पण त्या क्षणी तुम्हाला क्वांट आणि व्हर्बलच दिसत असतं, निबंधाचा गुण यायचा असतो. एडब्ल्यूएची कडक अट असलेला विभाग त्या चारांत घालू नका, निकाल आल्यावर पैसे भरून पाठवा.

भाचीने ३.५ ची अट असलेल्या त्या एका विभागाला दोन ओळींची मेल टाकली: माझा गुण ३ आहे, अर्ज विचारात घेतला जाईल का? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, अट शिथिल करत नाही. तिने ते नाव खोडलं, त्या अर्जाची फी वाचली, आणि रविवारी एसओपीचा तिसरा खर्डा घेऊन आली. पहिलंच वाक्य होतं, "लहानपणापासून मला संगणकाची आवड आहे." मी पेन उचललं.